वॅगनआरचा वॉटर पंप घरी बदलायचाय? जमेल, खरं दोन दिवस हाताशी ठेवा

प्रश्न खानापूरजवळच्या एका तरुणाचा आहे. त्यांची २०१३ ची पेट्रोल वॅगनआर आहे. गोव्याहून परत येताना चोर्ला घाट चढून कणकुंबीजवळ आल्यावर तापमानाचा लाल दिवा लागला. गाडी थांबवून, थंड करून, बाटलीतलं साधं पाणी घालून त्यांनी ती घरी आणली. आता रोज सकाळी ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाजवळ पाणी पडलेलं दिसतं. गॅरेजवाला म्हणतो पंप गेला. घरात पान्यांचा एक सेट आहे, हौस आहे, खरं आजवर साधा बेल्टही बदललेला नाही. त्यांनी विचारलंय, हे काम घरी जमेल का?

जमेल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये चार वर्षं काढून मी गॅरेज लाइनला आलो, त्याला आता तीस वर्षं होत आली. या काळात वॉटर पंप इतके बदललेत की मोजायचं कधीच सोडून दिलं. पंप काढून नवा बसवणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. काम बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, जुनं पॅकिंग, म्हणजे पंप आणि इंजिनाच्या सांध्यातलं गॅस्केट, खरवडताना. दुसरं, शेवटी पाण्यातली हवा काढताना. या दोन्ही ठिकाणी माणूस घाई करतो, कारण एव्हाना त्याच्या मनात गाडी सुरू झालेली असते. म्हणून म्हणतो, शनिवार-रविवार दोन्ही मोकळे ठेवा आणि सोमवारी सकाळी त्याच गाडीने कामावर जायचा बेत करू नका.

आधी पंपच गेलाय याची खात्री करा. गॅरेजवाल्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर नवशिक्याने डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाना हातात घेऊ नये म्हणून. गाडीखाली पडलेलं पाणी बोटावर घ्या. ते स्वच्छ, बिनवासाचं असेल आणि एसी चालवल्यावरच पडत असेल, तर ते एसीचं पाणी, त्याची काळजी नको. हिरवट, गुलाबी किंवा गंजकट रंगाचं, बोटाला चिकटसर लागणारं असेल तर ते कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. आता ते नेमकं कुठून येतंय? वरून गळून खाली ओघळणारं पाणी फसवतं. होज पाइपची क्लिप सैल असली तरी थेंब पडतो तो पंपाखालीच. इंजिन गार असताना टॉर्च घेऊन बेल्टच्या बाजूने पंपाच्या बॉडीकडे बघा. पुलीच्या मागे, बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. त्याला वीप होल म्हणतात. त्या भोकाखाली वाळलेल्या कुलंटची पांढरट-हिरवट रेघ दिसली, तर गॅरेजवाला बरोबर आहे.

हे भोक म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे पंप समजेल. पंपात एक दांडा असतो. त्याच्या बाहेरच्या टोकाला पुली आणि आतल्या टोकाला पाणी ढकलणारा पंखा, म्हणजे इम्पेलर. दांडा बेअरिंगवर फिरतो, आणि बेअरिंग व पाणी यांच्यामध्ये एक सील असतं. त्या सीलमध्ये कार्बनची एक गुळगुळीत चकती दुसऱ्या तशाच कडक चकतीवर घासत फिरते. सील झिजलं की पाणी बेअरिंगकडे निघतं. ते बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून सील आणि बेअरिंगच्या मध्ये हे भोक ठेवलेलं असतं. थोडक्यात, तो पंपाचा निरोप असतो, की सील गेलं, आता बेअरिंगची पाळी. एका गिऱ्हाइकाने कुणाच्या तरी सांगण्यावरून ते भोक एमसील लावून बुजवलं होतं. गळती थांबली म्हणून महिनाभर खूश होता. मग निपाणीजवळ तवंदी घाटात बेअरिंग जाम झालं, बेल्ट तुटला, बॅटरीचा दिवा आणि तापमानाचा दिवा दोन्ही एकदम लागले, आणि गाडी टो करून आणावी लागली.

दुसरी परीक्षा हाताची. ती बेल्ट काढल्यावर करायची. पुली दोन बाजूंनी धरून हलवून बघा. थोडीही डगमगली किंवा फिरवताना वाळू भरल्यासारखी खरखर लागली, तर बेअरिंग गेलं.

आणि एक तिसरी गोष्ट, जी कुणाला ऐकायला आवडत नाही. तुमचा दिवा घाट चढून आल्यावर लागला होता. दिवा लागल्यावर गाडी किती वेळ चालवली? लगेच थांबवली असेल तर बहुतेक काही झालेलं नसेल. खरं तशीच पुढं रेटली असेल, तर नवा पंप घ्यायच्या आधी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, बघा. ऑइलच्या डिपस्टिकवर किंवा ऑइल फिलरच्या झाकणाच्या आत दुधाळ साय दिसते का? रेडिएटरची कॅप उघडी ठेवून थंड इंजिन सुरू केल्यावर सतत बुडबुडे येतात का? गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही का? यातलं काही असेल तर हे घरचं काम नाही. तेव्हा सरळ गॅरेजला जा.

तुमचं एक नशीब चांगलं. २०१३ च्या वॅगनआरचं ९९८ सीसीचं के-सिरीज इंजिन टायमिंग चेनचं आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ आतली साखळी राखते, आणि पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो. म्हणून मी हो म्हणालो. हेच कुणी डस्टर डिझेलबद्दल विचारलं असतं तर नको म्हणालो असतो. तिथं पंप टायमिंग बेल्टच फिरवतो, आणि बेल्ट परत बसवताना खुणा चुकल्या तर व्हॉल्व्ह जाऊन पिस्टनला भिडतात. आपल्या गाडीत कुठली पद्धत आहे हे न बघता व्हिडिओ लावून कामाला बसणारे बघितलेत मी.

सामान घ्यायला बेळगावात जुन्या पी.बी. रोडला या. दुकानात नुसतं ‘पाण्याचा पंप’ म्हणू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ शेतावरची मोटर असा होतो. एका पोराला खरोखरच दोन दुकानं पुढं, मोटर पंपांच्या दुकानात पाठवलं होतं. गाडीचं मॉडेल, वर्ष, इंजिन आणि शक्य असेल तर चासिस नंबर सांगा. जुना पंप काढून दुकानात नेला तर सगळ्यात बरं, खरं मग गाडी दोन दिवस उघडी राहते. नवा पंप हातात घेऊन फिरवून बघा. तो किंचित जड, एकसारखा फिरला पाहिजे. सैल भिंगरीसारखा फिरणारा किंवा अडखळणारा नको. खोक्यात पॅकिंग आहे का, असेल तर कागदी की रबरी, तेही तिथंच बघून घ्या. पुढचं काम त्यावर ठरतं.

पंपाबरोबर बेल्ट नवा घ्या, कारण तो काढावाच लागणार आहे. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, बदला असं मी सुचवेन. आणि कृपा करून तो काढून टाकू नका. ‘आपल्याकडं थंडी कुठाय, व्हॉल्व्ह काढला की गाडी गरम होत नाही’ हे मी जन्मभर ऐकत आलोय. बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. तो काढला तर इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमधली ओल उडत नाही. गाडी गरम होण्याचं खरं कारण मात्र तसंच आत राहतं.

कुलंट चांगलं घ्या आणि त्यात पाणी मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड. बोअरचं नको. बोअरच्या पाण्यातला क्षार गरम ठिकाणी थर धरून बसतो, आणि साध्या पाण्याने आतून गंज चढतो. तोच गंज बारीक पूड होऊन सीलच्या चकत्यांमध्ये घासतो. तुम्ही कणकुंबीला घातलेलं पाणी मलप्रभेच्या उगमापाशीचं असलं तरी इंजिनाला त्याचं काही पुण्य लागत नाही. अडचणीत घातलंत ते योग्यच केलंत, खरं आता ते सगळं बाहेर काढायचं.

हत्यारं फार लागत नाहीत. दहा, बारा आणि चौदाच्या गोट्या (सॉकेट), लहान रॅचेट, एक्स्टेन्शन, दहा-बाराचा रिंग पाना, पकड, जॅक, उचललेली गाडी टेकवायला दोन घोड्या (जॅक स्टँड), व्हील पाना, टॉर्च, घमेलं. घोड्यांच्या जागी विटा किंवा चिरे चालणार नाहीत. चिरा वजनाखाली अचानक फुटतो, सांगून फुटत नाही. अंगण मातीचं असेल तर जॅक आणि घोड्यांखाली जाड फळी टाका. खानापूरकडची लाल माती पावसाळ्यात कशी असते ते तुम्हाला सांगायला नको.

आता काम. इंजिन पूर्ण गार पाहिजे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी उघडायची. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथं उघड्या भांड्यातलं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटरमध्ये कॅपच्या दाबामुळं ते ११० अंशांनाही उकळत नाही. तुम्ही कॅप फिरवली की दाब गेला, आणि ते सगळं पाणी एका क्षणात उकळून तुमच्या तोंडावर. चेहरा भाजलेली माणसं मी बघितलीत. त्यावर ओलं फडकं टाकून हळूच उघडतो म्हणणारीही बघितलीत.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक सैल करून, गाडी उचलून, घोडीवर टेकवून मग चाक काढा. आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की बेल्टची बाजू समोर दिसते. रेडिएटरच्या खालचा ड्रेनचा खिट्टा प्लॅस्टिकचा असतो. तो अडला तर जोर करू नका, खालचा होज पाइप सोडा. आलेलं कुलंट मोजून बाटल्यांत भरून ठेवा. किती लिटर निघालं ते भिंतीवर खडूनं लिहा, शेवटी कामाला येईल. आणि ते घमेलं अंगणात उघडं ठेवू नका. कुलंट गोडसर असतं आणि विषारी असतं. कुत्रं, वासरू, लहान मूल कुणीही तोंड लावेल. गटारात किंवा विहिरीजवळ तर अजिबात ओतायचं नाही.

बेल्ट काढायच्या आधी पंपाच्या पुलीचे बोल्ट सैल करा. बेल्ट असताना पुली धरून ठेवली जाते. बेल्ट काढला की ती हाताबरोबर गरगर फिरते आणि बोल्ट काही निघत नाहीत. ही एवढीशी गोष्ट विसरून अर्धा तास घालवलेले उस्ताद आहेत. मग अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून बेल्ट काढा. बेल्ट कसा फिरवलाय त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही गाड्यांत इंजिनाचं माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा आधार, मध्ये येतं. तसं असेल तर इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकनं आधार द्या आणि मगच माउंटला हात लावा.

पंपाचे बोल्ट. इथं थोडं थांबून बोलतो.

हे दहाच्या पान्याचे, म्हणजे सहा एमएमचे बारीक बोल्ट अॅल्युमिनियममध्ये दहा-बारा वर्षं बसलेले असतात. पहिल्या गाडीवर, माझ्या स्वतःच्याच, मी यातला एक तोडला होता. रविवार होता. पाच बोल्ट सुटले, सहावा अडला. मी लांब पाइप लावून जोर दिला. आधी तो किंचित हलला, बरं वाटलं, आणि मग लोण्यात सुरी जावी तसा हात मोकळा फिरला. तो मोकळेपणा अजून हाताला आठवतो. मिस्त्री मागून आले आणि म्हणाले, ‘काय करुलास गा? बोल्टाशी कुस्ती खेळुलास?’ सोमवारी ओळखीचा वेल्डर आला. त्याने तुटलेल्या बोल्टाच्या बुडख्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं, ते गार होऊ दिलं आणि पान्याने नट फिरवला. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंज सुटलेला होता, बुडखं अलगद बाहेर आलं. त्याने हे दहा मिनिटांत केलं, मला मात्र रात्रभर झोप नव्हती.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगतो. आदल्या रात्री प्रत्येक बोल्टाच्या मुळाशी गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवायचं. सकाळी पान्याची गोटी बोल्टावर नीट बसवून एक्स्टेन्शनवर हातोडीचे दोन-तीन हलके ठोके द्यायचे. मग आधी किंचित आवळायचा, केसाएवढा, आणि मग सैल करायचा. अडला तर परत आवळायचा, परत सैल. बोल्ट ‘कच्च’ असा कोरडा आवाज करून सुटला तर चांगलं. रबरासारखा ताणल्यागत वाटला तर थांबा, तो तुटायच्या बेतात आहे. आणखी ऑइल, आणखी वेळ.

निघालेले बोल्ट डब्यात टाकू नका. ते सगळे एका लांबीचे असतीलच असं नाही. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की बुडाशी टेकतो, तुम्ही आवळत राहता आणि कास्टिंग, म्हणजे ओतीव बॉडी, फुटतं. कुंद्याच्या, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईच्या, खोक्याचं झाकण घ्या, त्यावर पेनने पंपाचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी भोक पाडून खोचून ठेवा. कुंदा आधी संपवा म्हणजे झालं.

पंप सुटताना इंजिनात राहिलेलं कुलंट भसकन येतं, घमेलं खाली असू द्या. पंप चिकटला असेल तर लाकडाच्या ठोकळ्याने बाजूने हलके ठोके द्या. स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका. फेसवर, म्हणजे पंप जिथं टेकतो त्या सपाट पृष्ठभागावर, पडलेला तो एक चरा पुढं कायम गळत राहतो.

आता खरवडायचं काम. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि पोरांना सगळ्यात जास्त बोलतो. मशीन शॉपमध्ये असताना फेस म्हणजे काय ते शिकलो. दोन धातूंचे सपाट पृष्ठभाग एकमेकांवर बसतात तेव्हा पॅकिंग त्यांच्यातली फक्त अगदी बारीक उणीव भरून काढतं. जुन्या पॅकिंगची नखाएवढी खपली राहिली तर नवा पंप तिथं उचलून बसतो, तुम्ही बोल्ट आवळता, बॉडी किंचित वाकते आणि पाणी वाट काढतं.

इंजिनाच्या बाजूचं भोक आधी स्वच्छ फडक्याने बुजवा. एकच मोठं फडकं घ्या, चार तुकडे नको, कारण त्यातला एक आत राहतो. मग जुनं पॅकिंग खरवडा. इंजिन अॅल्युमिनियमचं आहे, म्हणून हॅक्सॉ ब्लेड, पटाशी, ग्राइंडर काही नको. जुनं एटीएम कार्ड, बांबूची धारदार चीप, प्लॅस्टिकचा स्क्रॅपर. अडेल तिथं पॅकिंग सोडवणारं रसायन लावून दहा मिनिटं थांबायचं आणि परत. हात दुखतो, मान अवघडते, समोरचं काही दिसत नाही, सगळं कबूल. शेवटी फेसवरून डोळे मिटून अंगठ्याचं नख फिरवा. डोळ्यांना चकचकीत दिसणारी जागाही नखाला अडते. जिथं अडेल तिथं परत. नख काचेवरून गेल्यासारखं पूर्ण वर्तुळ फिरलं की मग थिनरने पुसायचं. बोल्टांची भोकंही फडक्याने टिपून कोरडी करा. भोकात पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते.

बसवताना नव्या पंपाबरोबर काय आलंय तेच वापरा. रबरी सील असेल तर कोरडं बसवा, सिलिकॉन लावायचं नाही. कागदी पॅकिंग असेल तर बहुतेक वेळा तेही कोरडंच चालतं. नुसत्या सीलंटवर बसणारा पंप असेल तर बारीक, अखंड धार द्या, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने, काडेपेटीतल्या काडीएवढी जाड. जास्त लावलेलं सिलिकॉन बाहेर दिसतं तेवढंच आतही आलेलं असतं. आतलं तुटून रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतं, आणि मग गाडी का गरम होते ते कुणालाच कळत नाही. एखादा बोल्ट पाण्याच्या पोकळीत उघडत असेल, म्हणजे काढताना त्याचे आटे ओले निघाले असतील, तर त्याच्या आट्यांना थोडं सीलंट लावा.

सगळे बोल्ट आधी हाताने, बोटांनी, तीन-चार आटे तरी फिरवायचे. मग समोरासमोरचे असे उलटसुलट क्रमाने, तीन फेऱ्यांत आवळायचे. सहा एमएमच्या बोल्टाला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं. टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, भाड्याने किंवा मागून मिळाला तर आणा. नाही मिळाला तर लहान रॅचेट डोक्याजवळ धरून फक्त मनगटाच्या जोरावर आवळा. खांदा वापरलात की आटे गेले. अॅल्युमिनियममधले आटे गेले की परत बोल्ट धरत नाही, नवा आटा पाडावा लागतो.

बेल्ट घालून ताण देताना उलटी चूक होते. माणूस ‘घसरायला नको’ म्हणून तंबोऱ्यासारखा ताणतो, आणि नव्या पंपाचं बेअरिंग त्याच दिवसापासून मरायला लागतं. अंदाज म्हणून सांगतो: बेल्टचा सगळ्यात लांब भाग चिमटीत धरून पाव फेऱ्याएवढा पिळता आला पाहिजे, त्याहून फार नाही. गाडी सुरू केल्यावर चिर्र वाजला तर थोडा आवळा.

सीलंट वापरलं असेल तर इथं काम थांबवा. ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या. शनिवार इथं संपतो.

रविवारी पाणी भरायचं. गाडीचं तोंड उंच पाहिजे, म्हणजे हवा रेडिएटरच्या कॅपकडे येते. चढाची गल्ली असेल तर उत्तम, नाहीतर पुढची चाकं फळ्यांवर चढवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. हीटरचा खटका पूर्ण गरमवर. कुलंट हळूहळू, बारीक धारेने भरा. भरता भरता वरचा होज पाइप मुठीत दाबून सोडा. गुडगुड आवाज येईल, पातळी खाली जाईल, परत भरा. हे पाच-सात वेळा करावं लागतं. आता भिंतीवरचा आकडा बघा. जेवढं निघालं त्यापेक्षा दीड-दोन लिटर कमी गेलं असेल तर आत हवा अडकलीय.

कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा आणि नुसतं आयडलवर चालू द्या. बुडबुडे येतील, ते येऊ द्या. वरचा होज पाइप बराच वेळ गारच राहील, कारण व्हॉल्व्ह बंद आहे. मग एकाएकी तो गरम होईल, म्हणजे व्हॉल्व्ह उघडला आणि पाणी फिरायला लागलं. तेव्हा पातळी अचानक पडते, परत भरा. गाडीत बसून हीटरवर हात धरा. तिथून गरम वारा आला पाहिजे. इंजिन तापलंय आणि हीटर गार वारा देतोय, तर हवा अजून आत आहे. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. बुडबुडे थांबले, पातळी स्थिर राहिली की कॅप लावा आणि बाजूच्या टाकीत कुलंट दोन खुणांच्या मध्ये ठेवा.

या सगळ्या वेळात तुम्ही उभे राहून बघायचंय. मोबाइल नाही, चहाला जायचं नाही. हवेचा फुगा सेन्सरपाशी अडकला तर दिवाही लागत नाही आणि इंजिन आतून भाजत राहतं. हवा नीट न काढल्यामुळं ‘नवा पंपही खराब निघाला’ म्हणून माझ्याकडं आलेल्या गाड्यांपैकी कितीतरींना मी फक्त तोंड वर करून पाणी भरलंय. त्याचे पैसे घ्यायची मला लाज वाटते. घेतो, पण लाज वाटते.

वीप होलमधून पहिल्या एक-दोन दिवसांत एखादा थेंब दिसला तर घाबरू नका. नव्या सीलच्या चकत्या एकमेकींवर बसायला थोडा वेळ लागतो. दोन दिवसांनंतरही येत राहिला तर मात्र पंप परत करा.

पहिली चक्कर गावातल्या गावात, वीस-पंचवीस मिनिटांची, एसी लावून. घरी येऊन इंजिन बंद करून गाडीखाली एक पुठ्ठा सरकवा, त्यावर पंपाखालची जागा पेनने गोल करून ठेवा. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना आधी पुठ्ठा बघा, मग कॅप उघडून पातळी. थोडी खाली गेली असेल, तेवढं भरा. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा आणि पातळी जिथल्या तिथं असेल, तर जांबोटीपर्यंत जाऊन या. चोर्ला त्याच्या पुढच्या आठवड्यात. आणि टूलकिटमध्ये एक लिटर मिसळून ठेवलेलं कुलंट आणि जुना बेल्ट ठेवून द्या.